कालची भाजी

पहिल्या भेटीत तिने मला नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. खालून वर एकदा पाहिलं आणि साठ मजुरांच्या देखत विचारलं, "सायब, सकारी मुतले तवा रंग कोनता होता?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी रोजगार हमीच्या कामांवरचा तांत्रिक सहायक. सालेकशाकडच्या पाच-सहा गावांतली मातीकामं माझ्याकडे होती, त्यातलंच एक तिच्या गावच्या तलावाचा गाळ काढायचं. गोंदियाहून मोटारसायकलने यायचं, टेप लावून खड्डे मोजायचे, वहीत उतरवायचे आणि पुढचं गाव गाठायचं, एवढाच माझा आणि त्या तलावाचा संबंध. असा प्रश्न मला घरच्या डॉक्टरनेही कधी विचारला नव्हता. मी काहीतरी पुटपुटलो.

"पिवळा होता का? हळदीवानी?"

होता. मे महिना होता, सकाळपासून दोन चहांवर मी तीन गावं केली होती आणि डोकं ठणकत होतं. माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला उत्तर मिळालं असावं. तिने मला सावलीत बसवलं, स्टीलच्या मोठ्या ग्लासात तांदळाची पेज ओतली, वर चिमूटभर मीठ टाकलं. तो ग्लास संपतो न संपतो तोच दुसरा पुढे केला.

"टेप ठेवा बाजूले," ती म्हणाली. "तपन डोक्यात गेलेल्या मानसानं मोजलेला खड्डा मी मानत नाई."

ती त्या कामावरची मेट होती. मजुरांची हजेरी घ्यायची, जोड्या लावून द्यायच्या, कोणी कुठे खोदायचं ते दाखवायचं, हे मेटचं काम. पन्नाशीच्या आसपासची, काटकुळी, आठवीपर्यंत शिकलेली बाई. लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यावर ओला दुपट्टा, गळ्यात शिटी. घर बौद्धवस्तीत, विहाराला लागून. सगळे तिला मेटबाई म्हणायचे. कामावर तिचा नवराही मेटबाईच म्हणायचा.

तिची एक खोड साऱ्या पंचक्रोशीत माहीत होती. दर तासाभराने ती तलावाच्या कोरड्या पात्रातून फेरी मारायची, प्रत्येकापाशी थांबायची आणि एकच प्रश्न विचारायची, "काल भाजी कोनती होती?"

"वांगे-आलू, बाई."

"बरबटीच्या शेंगा."

"भाजी कायची बाई, चटनी-भात."

उत्तर मिळालं की ती पुढे सरकायची. नवीन लोकांना वाटायचं, बाईला दुसऱ्याच्या चुलीत डोकावायची सवय आहे. एकीने तर चिडून सांगितलं होतं, "रोज रोज काय इचारतेस व? आली का कवा आमच्या घरी जेवाले?" मेटबाईने तिच्या डोळ्यांत पाहिलं, मान हलवली आणि म्हणाली, "भांडाले जमून राहिलं ना? मंग तू बरी हायेस."

नवऱ्यालाही ती सोडत नसे. तो शांत, हसरा माणूस, सगळ्यांबरोबर घमेलं उचलायचा.

"काल भाजी कोनती होती?"

"तूच तं रांधली."

"मी रांधली ते मले माहीत हाये. तुले माहीत हाये का, ते सांग."

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. गोंदियाला परत गेल्यावर मी ऑफिसात तिची नक्कल करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण तेव्हा मी करायचो हे खरं आहे.

कामाच्या पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याकडे एक मागणी केली. मला वाटलं, पाण्याची टाकी मागेल, ताडपत्री मागेल. तिने मागितले तट्टे. तट्टा म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली भिंत, गोठ्याला लावतात ती.

"तट्टे कशाला?"

"बायाइले जागा पायजे, सायब."

मला कळलं नाही. तिने कपाळाला हात लावला. मग समोरच्या उघड्याबोडक्या तलावाकडे बोट दाखवलं. चारी बाजूंना पाळ, म्हणजे मातीचा बांध, पाळीवर येणारी-जाणारी माणसं, एक झुडूप नाही. "इथं बसाले कुठं जातीन बाया? म्हनून सकारपासून पानीच नाई पीत. मी पान्याचे हजार गुंड आनून ठेवले तरी नाई पिनार. आंदी तट्टा, मंग पानी."

अंदाजपत्रकात तट्ट्याची तरतूद नाही, असं मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाळीच्या आडोशाला चार तट्टे उभे होते. तिने स्वतःच्या गोठ्याची एक बाजू उघडी करून ते आणले होते, आणि तिची म्हैस त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या गोठ्यात राहिली. त्या दिवसापासून बायांकडचे पाण्याचे गुंड, म्हणजे मोठ्या कळश्या, दहा वाजताच रिकामे होऊ लागले.

सावलीसाठी तिने तलावाच्या काठाला मांडव घातला. आमच्याकडे लग्नाच्या मांडवावर जांभळीचे डहाळे टाकतात, तसे हिरवेगार डहाळे टाकलेला. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला थांबून विचारू लागला, "कोनाचं लगन होय व?"

"तुह्या बापाचं," मेटबाई म्हणाली. "ये, पानी पेऊन जाय."

तो खरोखरच उतरला आणि पाणी पिऊन गेला.

हैदराबादहून परतलेला एक दांडगा गडी कामावर आला, त्याची गोष्ट गावात अजून सांगतात. तिकडे तो कुठल्याशा थंडगार गोदामात माल लावायचा. छाती ही एवढी. मेटबाईने त्याला पहिले आठ दिवस अर्धंच काम दिलं आणि उरलेली माती त्याच्या गटातल्यांना उचलायला लावली. गड्याचा अपमान झाला.

"काऊन? मी काय म्हातारा हावो का? या साऱ्याइले मी एकटा भारी हावो."

"तू आलास रे," ती म्हणाली, "पन तुहं आंग आजून हैदराबादेतच हाये. त्याले यायले आठ दिवस लागते."

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे बरेच लोक मानतात. तिला ते अजिबात खपत नसे. कोणाच्या खिशात कांदा दिसला की ती तो काढून घ्यायची, दगडावर फोडायची, मीठ लावायची आणि त्याच्याच हातावर ठेवायची. "खिशाले ऊन लागून राहिली का बे तुह्या? खा, आन् वरून पानी पे."

हे सगळं तिला कुठून आलं, ते तिने मला एकदाच सांगितलं. अकराला काम सुटल्यावर मांडवात आम्ही दोघंच होतो, ती हजेरीचे कागद लावत होती. मी सहज विचारलं, "बाई, भाजीच का विचारता?"

ती कागद लावतच बोलली. "आमी दोगी जावा तेंदूपत्ता तोडाले गेलो होतो. लय तपन होती. बारा वाजता ती मले म्हनते कशी, चाल, बाजारात जाऊ, बांगड्या भरू. जंगलात कुठचा आला बाजार? मी हासली. लय हासली. मले वाटलं, मजाक करून राहिली." तिने कागदांवर दगड ठेवला. "मंग ती बसली. बसली तं उठलीच नाई. दिवस बुडाच्या आंदी गेली."

मी माझी वही मिटली.

"मी हासली ना, सायब."

त्यानंतर उपकेंद्रातल्या नर्सबाईंना तिने गाठून गाठून विचारलं होतं. माणसाला ऊन लागतं तेव्हा आधी काय होतं? मग काय होतं? कधी पाणी द्यायचं, कधी नाही द्यायचं? नर्सबाई कंटाळल्या, पण त्यांनी सांगितलं, आणि तिने एक शब्द वाया जाऊ दिला नाही. बोलणं वाकडं झालं की समजायचं, ऊन डोक्यात शिरलं. कालची भाजी कोणालाही आठवते, त्याला शाळा लागत नाही, म्हणून भाजी.

एका माणसापुढे मात्र तिचं काही चालत नसे. ते होते काकाजी, पासष्टीचे, थोड्याशा धानाच्या शेतीचे मालक, ताठ, मितभाषी गृहस्थ. उन्हाळ्यात तलावाच्या कामावर यायचे. ते घरून पाण्याची एक प्लास्टिकची बाटली आणायचे आणि तिच्या गुंडातलं पाणी प्यायचे नाहीत. का, ते सगळ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मेटबाईही बोलली नाही. फेरीवर ती त्यांच्यापाशी थांबायची, भाजी विचारायची आणि खाली ठेवलेली बाटली उचलून हलवून बघायची.

"काकाजी, नऊ वाजले. बाटली आर्धी भरली हाये आजून."

"पितो ना."

"माह्या गुंडातलं नोका पिऊ. पन पेत जा."

काकाजी मान खाली घालून खोदत राहायचे.

आता त्या दिवसाचं सांगतो. नवतपा लागला होता, म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यात आमच्याकडे कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. सकाळी मला फोन आला की वरून एक साहेब काम बघायला येणार, साडेअकरापर्यंत पोचतील, मजूर कामावर दिसले पाहिजेत. मेटबाई रोज अकराला शिटी मारायची आणि पात्रात एकही माणूस उरला नाही हे पाहूनच वर यायची. मी दहालाच तलावावर पोचलो आणि तिला सांगितलं.

"नाई जमत," ती म्हणाली.

"अर्धा तासच बाई. अकरा ते साडेअकरा."

"नाई जमत, सायब."

मी आवाज चढवला नाही. मी विनवलं, आणि तेच वाईट झालं. मी म्हणालो, माझी नोकरी कंत्राटी आहे, दरवर्षी नूतनीकरण होतं, साहेबाला रिकामा तलाव दिसला तर माझ्यावर येईल. माझी मुलगी लहान आहे, हेही मी सांगितलं. तिने वर उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आर्धा तास. त्याच्यावर एक मिनिट नाई."

साडेअकरा वाजले. साहेब आले नाहीत. मी फोन लावला, ते रस्त्यात होते. "आलेच बाई, पाच मिनिटं," मी म्हणालो. ती शिटी तोंडापाशी नेऊन थांबली. माझ्यासाठी थांबली.

थांबली खरी, पण तिचे पाय थांबेनात. ती पुन्हा फेरीवर निघाली, जवळजवळ पळतच. मी पाळीवरून पाहत होतो. काकाजींपाशी ती पोचली.

"काकाजी, काल भाजी कोनती होती?"

काकाजी फावड्यावर टेकून उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बैल सोडले का तिनं? पानी येऊन राहिलं."

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. आजूबाजूचे चार-पाच जण हसले.

"हासू नोका!" ती अशी ओरडली की सगळा तलाव थबकला. "कोनी हासू नोका!"

तिने काकाजींच्या मानेला हात लावला. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि कोरडं. तिने शिटी फुंकली ती फुंकतच राहिली. काकाजींचे गुडघे वाकले, तेव्हा हैदराबादवाला गडी पोचला होता. त्याने त्यांना खांद्यावर टाकलं आणि मांडवात आणून निजवलं.

मग जे झालं ते दहा-बारा मिनिटांत झालं. तिने काकाजींचा सदरा फाडून काढला. ज्या गुंडाला त्यांनी कधी हात लावला नव्हता, तो तिने त्यांच्या अंगावर रिकामा केला. मग दुसरा, मग तिसरा. बायांनी डोक्यावरचे दुपट्टे भिजवून त्यांच्या काखेत, मानेवर, जांघेत ठेवले. दोघांनी एक तट्टा उपटून आणला आणि त्याने वारा घालू लागले. चार बाया गुंड घेऊन बोअरिंगकडे धावल्या. काकाजींच्या नात्यातल्या एका बाईने रडत रडत त्यांच्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावला. मेटबाईने तो हाताने उडवला. "शुद्द नाई त्याइले! नरड्यात जाईन! आंगावर वत!"

मी अॅम्ब्युलन्सला फोन केला होता, ती लांब होती. तेवढ्यात साहेबांची गाडी पाळीवर येऊन थांबली. मी धावत गेलो, दोन वाक्यांत सांगितलं. साहेब भला माणूस होता, लगेच म्हणाला, "गाडीत घाला, दवाखान्यात नेऊ." मी मांडवात येऊन ओरडलो, "उचला, उचला, गाडी आली!"

मेटबाई काकाजींच्या आणि आमच्या मध्ये उभी राहिली.

"आंदी गार. मंग दवाखाना."

"बाई, माणूस मरेल!"

"गाडीत मरीन! दवाखाना कितीक दूर हाये? तवर त्याचं डोस्कं शिजून जाईन. गार होऊ द्या, मंग न्या. मी सांगून राहिली ना!"

एवढ्या मोठ्या साहेबासमोर ती हलली नाही. आणि साहेबाने वाद घातला नाही. हातातली फाइल त्याने उघडली आणि काकाजींच्या तोंडावर वारा घालायला बसला. बोअरिंगचं पाणी आलं, ते ओतलं, आणखी आलं, तेही ओतलं. शेवटी काकाजींच्या अंगावर शहारा आला. त्यांनी डोळे किलकिले केले आणि काहीतरी शिवी हासडली. तेव्हा ती बाजूला झाली. "आता न्या."

गाडीच्या सीटवर ओल्या दुपट्ट्यांचा चिखल झाला. मी पुढे बसलो; ती मागे त्यांच्यासोबत, वाटभर त्यांच्या अंगावर पाणी शिंपडत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, याला आधी कोणी गार केलं? मी तिच्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, तसंच गाडीत घालून आणला असता, तर मी आज काही सांगू शकलो नसतो.

काकाजी वाचले. पंधरा दिवसांनी ते तलावावर आले, काम करायला नाही, बसायला. पुढच्या उन्हाळ्यातल्या कामावर मात्र नेहमीसारखे हजर झाले, घरचं पाणी घेऊन. एक बाटली यायची, आता दोन येत होत्या. मला ते पाहून राग आला. ज्या बाईने जीव वाचवला तिच्या गुंडातलं पाणी अजूनही चालत नाही? मी तसं तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "दोन आनते ना? दोनी रिकाम्या करते. मले कायले पायजे आनखी?"

पण मला सांगायचं आहे ते त्या घटनेच्या दुसऱ्या दिवसाचं.

अहवाल मी रात्रीच लिहिला होता, त्याला मजुरांचे जबाब जोडायचे होते, म्हणून मी पहाटेच निघालो आणि साडेपाचला तलावावर पोचलो. एवढ्या वेळी मी तिथे कधीच गेलो नव्हतो. सूर्य नुकता उगवत होता, गार वारा सुटला होता आणि साठ माणसं अशा चालीने माती उचलत होती, की त्यांच्याकडे पाहत राहावं. कोणी गात होतं, कोणी कोणाची टर उडवत होतं. तीन वर्षं मी या लोकांनी खोदलेले खड्डे मोजत होतो. खड्डा खोदला जाताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मेटबाई कुठे दिसेना. शिटी एका दुसऱ्याच बाईच्या गळ्यात होती.

त्या बाईने सांगितलं. काम सुरू व्हायच्या आधी मेटबाईने सगळ्यांना मांडवात गोळा केलं होतं आणि उभं राहून म्हणाली होती, "काल अकरा वाजता मी शिटी मारली नाई. चूक माही हाये. आठ दिवस मी मेट नाई." शिटी काढून दिली आणि फावडं घेऊन पात्रात उतरली. लोकांनी नको म्हटलं, नवऱ्याने नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

ती तलावाच्या अगदी मध्ये होती, जिथे गाळ सगळ्यात कडक असतो, आणि काकाजींचा कालचा अर्धा राहिलेला खड्डा खोदत होती.

मी खाली उतरलो. तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "बाई, अहवालात मी खरं लिहिलं आहे. मजुरांना अकरानंतर थांबवून ठेवायला मी सांगितलं होतं, तुम्ही नाही म्हणाला होतात, असं लिहून सही केली आहे. तुमच्यावर काही येणार नाही. शिटी परत घ्या."

तिने फावडं थांबवलं. शर्टाच्या बाहीने घाम पुसला. माझ्यावर ती रागावलेली नव्हती, हे मला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. तेच मला सोसवेना.

"तुमी सांगतलं ते तुमचं, सायब," ती म्हणाली. "मी आयकलं ते माहं. तुमचं तुमी लिवलं, बरं केलं. माहं मी खोदून राहिली."

आणि तिने पुन्हा फावडं मारलं.